फिंगरबोर्डची पर्यायी लाकडे (परवडणाऱ्या सिग्नेचर इलेक्ट्रिक गिटारवरील)

नामवंत वादकाच्या नावाने, त्याच्या पसंतीनुसार बनवलेल्या गिटारला सिग्नेचर गिटार म्हणतात. कंपन्या पुष्कळदा एकाच वादकाची गिटार दोन किमतींत काढतात. महाग गिटारच्या फिंगरबोर्डला शिसव किंवा आबनूस असते, तर स्वस्त गिटारला ऐन, जटोबा, पाव फेरो, अमरांथ अशी लाकडे असतात. पुण्यात शिकणारी मुले हौसेने जी पहिली ‘नावाची’ गिटार घेतात ती बहुधा दुसऱ्या प्रकारातली असते. ‘हे खरं रोजवूड (म्हणजे शिसव) आहे का?’ हा प्रश्न दुकानात हमखास विचारला जातो आणि ‘नाही’ म्हटले की गिऱ्हाइकाचा चेहरा उतरतो. तो उतरण्याचे फारसे कारण नाही.

फिंगरबोर्ड म्हणजे गिटारच्या मानेवर चिकटवलेली सुमारे ५ ते ६ मिलिमीटर जाडीची लाकडी पट्टी. तिच्यात आडव्या खाचा पाडून धातूचे फ्रेट ठोकतात. सतारीचे पडदे दांडीवर बांधलेले असतात, ते सरकवता येतात. गिटारचे फ्रेट लाकडात रुतलेले असतात. म्हणून पट्टीचे लाकूड कठीण, घट्ट वीणीचे आणि ऋतू बदलला तरी फार न हलणारे लागते. शिसव आणि आबनूस हे सगळे निभावून नेतात, शिवाय त्यांच्या अंगच्या तेलकटपणामुळे वर लॅकर (पारदर्शक वार्निश) द्यावे लागत नाही. मेपल फिकट आणि पटकन मळणारे, त्यामुळे त्यावर लॅकरचा थर द्यावाच लागतो.

पर्याय का शोधावे लागले

ब्राझीलच्या शिसवीवर १९९२ पासून साइट्स या दुर्मीळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय करारानुसार सर्वांत कडक व्यापारबंधने आहेत. खरा धक्का २ जानेवारी २०१७ रोजी बसला. त्या दिवसापासून डाल्बर्जिया या शिसवींच्या संपूर्ण गटालाच, म्हणजे आपल्याकडच्या काळ्या शिसवीलाही, कराराचे दुसरे परिशिष्ट लागू झाले. विक्रीसाठी सीमा ओलांडणाऱ्या, शिसव असलेल्या प्रत्येक गिटारला कागदपत्रे जोडावी लागू लागली. लाख रुपयांच्या गिटारला हा खर्च पेलतो, वीस-तीस हजारांच्या गिटारला पेलत नाही. त्याआधीच, २००९ आणि २०११ साली, अमेरिकेत गिब्सन या गिटार कंपनीवर लाकडाच्या आयातीवरून छापे पडले होते. दुसऱ्या छाप्यात तर भारतातून गेलेले शिसव आणि आबनूसच होते. २०१२ मध्ये कंपनीने ३ लाख डॉलर दंड भरून ते प्रकरण मिटवले. कारखानदार धास्तावलेलेच होते, २०१७ नंतर त्यांनी स्वस्त गिटारवरून शिसव भराभर काढून टाकली.

तयार वाद्यांना २६ नोव्हेंबर २०१९ पासून सवलत मिळाली. फेंडर या गिटार कंपनीने २०२४ च्या प्लेयर २ मालिकेत शिसव परतही आणली. सर्वांत स्वस्त गटात मात्र पर्यायी लाकडांनी आपली जागा पक्की केली आहे.

ऐन

या सगळ्यांत मराठी वाचकाने थांबून पाहावे असे लाकूड ऐनाचे. गिटारच्या तपशीलपत्रात त्याला ‘इंडियन लॉरेल’ म्हणतात आणि ते नाव फसवे आहे; युरोपातल्या खऱ्या लॉरेलशी त्याचा काही संबंध नाही. हा टर्मिनॅलिया गटातला वृक्ष हिरडा, बेहडा आणि अर्जुनाचा सख्खा भाऊ आहे. पुण्यातून ताम्हिणीकडे किंवा भीमाशंकरकडे निघालेल्या माणसाने त्याला अनेकदा पाहिलेले असते. मगरीच्या पाठीसारखी चौकोनी भेगांची काळपट साल असलेले झाड दिसले की तो ऐन समजावा. मावळात आणि कोकणात भाताच्या रोपांसाठी राब भाजतात, त्यासाठी याच्या फांद्या छाटतात. विदर्भात भंडारा-गडचिरोलीकडे याच्याच पाल्यावर टसर रेशमाचे किडे वाढवतात. भारतापासून म्यानमार, थायलंड, व्हिएतनामपर्यंत ऐन उगवतो. घराचे वासे, खांब आणि शेतीची अवजारे यांसाठी तो आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या वापरात आहे.

फिंगरबोर्ड म्हणून ऐन कठीण आणि जड, शिसवीच्या पंक्तीला बसेल असा. त्याचा दोष रंगात आहे. एक पट्टी गडद चॉकलेटी आणि काळ्या रेघांची निघते, तर दुसरी भुरकट, कोरडी, सुतळीच्या पोत्यासारखी. म्हणून काही कारखाने त्याला काळपट रंग देतात. अशा नव्या गिटारच्या फिंगरबोर्डवर लिंबाच्या तेलात भिजवलेले फडके फिरवले की फडक्यावर काळा डाग उमटतो आणि घेणाऱ्याला आपण फसलो असे वाटते. प्रत्यक्षात उतरलेला असतो तो वरचा रंग. खालचे लाकूड धडधाकट असते आणि दोनतीन वेळा तेल पिऊन झाल्यावर त्याच्या तपकिरी रेघा वर येतात.

स्क्वायर या फेंडरच्या स्वस्त शाखेने क्लासिक व्हाइब मालिकेत आणि एपिफोन या गिब्सनच्या स्वस्त शाखेने लेस पॉल स्टँडर्डवर ऐन सरसकट वापरला. सिग्नेचर गिटारपैकी रॉक वादक जे मॅस्किसच्या नावाची स्क्वायर जॅझमास्टर २०११ साली शिसवीसह आली होती, पुढे तीही ऐनावर गेली. रॉक वादक स्लॅशच्या नावाच्या एपिफोन लेस पॉलवरही ऐनच आहे.

इतर लाकडे

जटोबा हे दक्षिण अमेरिकेतले लालसर तपकिरी लाकूड आपल्या चिंचेच्या लांबच्या नात्यातले. कठीणपणात ते शिसवीपेक्षाही वरचढ आहे. गिटारवादक स्टीव्ह वायच्या मूळ जेमची, म्हणजे १९८७ पासून निघणाऱ्या आयबानेझ गिटारची, स्वस्त आवृत्ती जेम ज्युनियर. तिच्या फिंगरबोर्डवरची प्रसिद्ध वेलीची नक्षी जटोबात बसवलेली आहे. एलटीडी ब्रँडच्या स्वस्त मॉडेलांवर भाजलेले जटोबा दिसते. भाजल्याने रंग गडद होतो आणि लाकूड दमट हवेला कमी दाद देते.

पाव फेरो म्हणजे पोर्तुगीजमध्ये ‘लोखंडी लाकूड’. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने ते शिसवीच्या अगदी जवळचे. फेंडरने मेक्सिकोत बनणाऱ्या गिटारवर ते आणले तेव्हा कंजुषीची ओरड झाली, पण त्याच फेंडरच्या महागड्या स्टीव्ही रे वॉन सिग्नेचर स्ट्रॅटोकास्टरवर हेच लाकूड अनेक वर्षे मानाने मिरवत होते. लाकडाला दर्जा कुठल्या क्षणी मिळतो आणि कुठल्या क्षणी जातो, याचे याहून स्पष्ट उदाहरण सापडणार नाही. याचा भुसा अंगाला खाजरा असतो, तेव्हा घरी फ्रेट घासणाऱ्याने नाकाला फडके बांधावे.

अमरांथ जॅक्सन कंपनीच्या जेएस मालिकेत आहे; कापल्यावर ते जांभळे होते आणि वर्षांनी तपकिरीकडे झुकते. कागद आणि राळ दाबून केलेले रिचलाइट हे लाकूड नव्हेच, पण गिब्सनने ते काही महाग गिटारवरही वापरले.

आवाज आणि पुण्याची हवा

फिंगरबोर्डचे लाकूड बदलल्याने आवाज बदलतो का, यावर सदाशिव पेठेतल्या शिकवण्यांपासून कोथरूडच्या तालमीच्या खोल्यांपर्यंत वाद चालतात. इलेक्ट्रिक गिटारमध्ये तार फ्रेटवर टेकते, लाकडावर नाही, आणि आवाज पिकअपमधून, म्हणजे तारांची कंपने टिपणाऱ्या चुंबकी भागातून, येतो. पिकअप, तारा आणि अॅम्प्लिफायर बदलल्याने जेवढा फरक पडतो त्यापुढे शिसव आणि ऐन यांच्यातला फरक ऐकू येण्याजोगा नाही. बोटाला मात्र तो कळतो, विशेषतः तार ओढताना, कारण तेव्हा बोटाचे टोक लाकडावरून घसरते.

पुण्यात खरी परीक्षा हवा घेते. एप्रिल-मेच्या दुपारी हवा सुकी ठणठणीत, जुलै-ऑगस्टमध्ये कपाटातल्या कपड्यांनाही दमट वास. उन्हाळ्यात फिंगरबोर्ड रुंदीत आकसतो, धातूचा फ्रेट आकसत नाही. मग फ्रेटची टोके पट्टीच्या कडेबाहेर येतात. मानेच्या कडेवरून तळहात फिरवला की ती करवतीच्या दात्यांसारखी लागतात. दुरुस्तीच्या दुकानात मे महिन्यात हा संवाद रोजचा :

‘काका, गिटार टोचतेय.’

‘पावसाळ्यात घेतलीस ना? ठेव इथं, परवा ये.’

काका मानेला चिकटपट्टी लावतात आणि बारीक कानस एका कोनात धरून चव्वेचाळीस टोके एकेक करून घासतात. हा त्रास लाकडाच्या नावामुळे होत नाही. लाकूड कारखान्यात पुरेसे न सुकवता खाचा पाडल्या, तर महागड्या शिसवीचीही टोके बाहेर येतात. नीट मुरलेल्या ऐनाची वर्षानुवर्षे येत नाहीत. म्हणून शक्य असेल तर गिटार उन्हाळ्यात पाहावी आणि तपशीलपत्र वाचण्याआधी कडेवरून हात फिरवावा.

लॅकर नसलेल्या ऐन, जटोबा आणि पाव फेरोला वर्षातून दोनदा तेल पुरते. एकदा गुढीपाडव्याच्या सुमारास, हवा कोरडी पडू लागते तेव्हा, आणि एकदा दिवाळीनंतर. तारा काढून चारसहा थेंब फडक्यावर घ्यावेत, पाच मिनिटे मुरू द्यावे आणि उरलेले कोरडे पुसून काढावे. खोबरेल लावू नये. ते खवट होते आणि फ्रेटच्या कडांना मळ धरते.