रीफ टँकमधले बारीक तारामासे

घरच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत, जिथे प्रवाळ (कोरल) ठेवलेले असतात तिथे, कुणी विकत न आणता आपोआप दिसायला लागणारे नखाएवढे किंवा त्याहून लहान तारामासे. लाईव्ह रॉकच्या, म्हणजे जिवंत जीवजंतूंसकट टाकीत ठेवलेल्या दगडाच्या, भोकांतून नाहीतर कोरलच्या फ्रॅगच्या (तोडून विकलेल्या छोट्या तुकड्याच्या) बुडाला चिकटून येतात, सुरुवातीला कळतही नाही आणि मग एका रात्री लाईट बंद झाल्यावर टॉर्च मारला की काचेवर पंचवीसतीस दिसतात. लगेच प्रश्न येतो की हे कोरल खातात का. बहुतेक टाक्यांमध्ये उत्तर नाही असंच आहे, पण "बहुतेक" हा शब्द महत्त्वाचा आहे, त्याबद्दल खाली.

कोकणात ही भीती जरा जास्त वाटते ते समजण्यासारखं आहे. मालवण, देवगड, वेंगुर्ल्याला रापणीच्या जाळ्यात जे तारामासे येतात ते वाळूत राहणारे शिकारी, छोटे शिंपले अख्खे गिळणारे. शिवाय काटेरी मुकुटाचा तारामासा कोरलचे पट्टेच्या पट्टे साफ करतो हे टीव्हीवर सगळ्यांनी पाहिलेलं असतं. पण तो मोठा झाला की २५ ते ३५ सेंटीमीटरचा, वीसेक हातांचा आणि विषारी काट्यांचा प्राणी आहे, टाकीतल्या या बारक्याशी त्याची गल्लत करू नये.

टाकीत मुख्यतः दोन जण सापडतात. एक सापतारा, म्हणजे मधे बारीक गोल चकती आणि तिला पाच लांब वळवळणारे हात, दिवसा दगडाच्या फटीत लपून फक्त हातांची टोकं बाहेर काढतो. यातला जगभर सापडणारा ॲम्फिफोलिस स्क्वामाटा अंगातच पिल्लं वाढवतो, त्यामुळे टाकीतही त्याची पैदास आरामात होते, आणि डिवचला तर अंधारात चमकतोसुद्धा. उरलेलं अन्न, गाळ, कुजका कचरा हेच त्याचं खाणं. याच्याबद्दल काहीच चिंता नको, उलट असेल तर चांगलं. (मोठा हिरवा सापतारा वेगळा, तो झोपलेले छोटे मासे पकडतो, पण तो आपोआप येत नाही, दुकानातून आणलेला असतो.)

दुसरा ॲस्टरिना, आणि खरा वाद याच्यावरच. पांढरट, राखाडी किंवा हिरवट, चपटा, आखूड हातांचा, साधारण एक सेंटीमीटरचा. हॉबीत सरसकट ॲस्टरिना म्हणतात, पण २००४ मध्ये यातल्या बऱ्याच जाती ॲक्विलोनास्ट्रा नावाच्या वेगळ्या वंशात टाकल्या गेल्या, आणि तुमच्या काचेवरचा नेमका कोणता हे नुसत्या डोळ्यांनी सांगता येत नाही. हात कधी पाच, कधी सहा-सात, त्यातले दोन मोठे नि बाकीचे इवलेसे, कारण हा अंगाचे दोन तुकडे करून वाढतो आणि प्रत्येक तुकड्याला तुटलेले हात नव्याने फुटतात. म्हणून टाकीत त्याला चिरडायचं किंवा कापायचं नाही, एकाचे दोन व्हायची शक्यता असते.

खाताना तो पोट तोंडातून बाहेर काढून काचेवर पसरतो, तिथलं शेवाळ तिथेच पचवतो आणि पोट परत आत घेतो. काचेच्या बाहेरून भिंग लावून हे बघता येतं आणि बघावंच, फार सुंदर प्रकार आहे. काचेवरचं पातळ शेवाळ, जिवाणूंचा थर, कधी गुलाबी-जांभळं चुनखडी शेवाळ, हे त्याचं रोजचं जेवण. गुलाबी शेवाळावर पांढरे ठिपके उठले तर बहुधा त्याचंच काम, दिसायला वाईट पण कोरलला धोका नाही.

मग आरोप कुठून आला? मरायला लागलेल्या कोरलवर शेवाळ आणि कुजकं मांस जमतं, तारे तिथे चरायला येतात, सकाळी मालकाला मेलेला कोरल आणि त्यावर बसलेला तारा एकत्र दिसतो. तरीही काही प्रकार झोआ, म्हणजे बटणासारखे दिसणारे मऊ प्रवाळ, खरंच खातात हे खोटं नाही. तपासायचं असेल तर लाईट गेल्यावर तासा-दोन तासांनी बघा, धडधाकट, उघडणाऱ्या झोआवर तेच तारे रात्रीमागून रात्री बसतात का आणि उचलल्यावर खाली चट्टा आहे का. दोन्हीला हो आलं तरच ते काढायचे.

काढायला चिमटा किंवा हवेची बारीक नळी लावून सायफन पुरतो, रोज रात्री थोडे थोडे. हार्लेक्विन कोळंबी तारामाशांवरच जगते, टाकी झटक्यात साफ करते, पण तारे संपले की ती उपाशी मरते आणि हौसेने ठेवलेला निळा लिंकिया तारामासाही सोडत नाही, म्हणून पुढच्या खाण्याची सोय नसेल तर आणू नये. तांब्याचं औषध तर बिलकुल नको, त्यात कोरल, कोळंबी, गोगलगायी सगळेच जातात.

माझ्या मते संख्या हाच खरा निरोप आहे. तारे भराभर वाढले म्हणजे टाकीत खाणं जास्त पडतंय, आधी माशांचं खाणं कमी करा, नायट्रेट-फॉस्फेट बघा. आणि अचानक सगळे गायब झाले तर क्षारता तपासा. तारामाशाला अंगातल्या मिठाचा तोल सांभाळता येत नाही, बाहेरचं पाणी बदललं की तो आतून बदलतो. किनाऱ्यावर राहणारे आपल्यातले काही जण समुद्राचंच पाणी भरून आणतात, ते जून ते सप्टेंबर अजिबात करू नका, पावसात खाडीच्या तोंडाचं पाणी गढूळ आणि पातळ होतं. रीफ टाकीला विशिष्ट गुरुत्व (पाण्याच्या खारटपणाचं माप) १.०२५ च्या आसपास लागतं, प्रत्येक वेळी मोजूनच ओता.

एक कायद्याची गोष्ट. तारे नसलेला "स्वच्छ" दगड हवा म्हणून कुणी मालवणच्या समुद्रातून कोरल किंवा दगड उचलू नये, तिथे १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे आणि दगडी प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत येतात. उलट बाजूनेही तेच, टाकीतून काढलेले तारे बंदरात किंवा खाडीत सोडायचे नाहीत, ते कुठल्या समुद्रातून आलेत कुणाला माहीत. ओळखीत कुणी हार्लेक्विन पाळत असेल तर त्याला डबाभर द्या, तो खुशीने घेईल.