आरएफसीमधले ५८ ओळींचे पान: पार्श्वभूमी

आरएफसी म्हणजे इंटरनेटचे तांत्रिक नियम आणि चर्चा नोंदवणारे दस्तऐवज. त्यांची मालिका १९६९ पासून चालू आहे. तिचा साचा सर्वांत नेमका दिसतो तो १९९७ च्या आरएफसी २२२३ मध्ये: ओळीत जास्तीत जास्त ७२ अक्षरे, पानावर जास्तीत जास्त ५८ ओळी आणि मग स्वतंत्र ओळीवर फॉर्म फीड, म्हणजे प्रिंटरला नवे पान घ्यायला सांगणारे चिन्ह. शीर्षओळ, तळओळ, पान क्रमांक आणि डावीकडचा समास यातच धरायचे. उजवी कड सरळ करण्यासाठी जादा स्पेस घालायच्या नाहीत, ओळीअखेर शब्द तोडायचा नाही, तळटीप द्यायची नाही.

हे आकडे कागदाशी जुळतात. इंचाला ६ ओळी धरल्या तर ११ इंची अमेरिकन कागदावर ६६ ओळी बसतात. ५८ वापरल्या की ८ मोकळ्या राहतात. इंचाला १० अक्षरांच्या टाइपात ७२ अक्षरे ७.२ इंच घेतात, त्यामुळे अरुंद ए-४ वरही ओळ कापली जात नाही.

खरा गुंता 'पान' या शब्दाचा. छपाईसाठी पान हे एकक होते, वाचणाऱ्याने मात्र तोच पत्ता मानला: 'पान १७ पाहा'. पण १७ वे पान कुठे संपेल हे मजकूर नव्हे, ओळींची मोजणी ठरवते. मसुद्यात वर दोन ओळी वाढल्या की पुढचे संदर्भ सरकतात. पॅकेटची (नेटवर्कवरून जाणाऱ्या माहितीच्या तुकड्याची) आकृती मधोमध तुटते. व्याकरणाचे नियम किंवा कोड कॉपी केला की मध्येच लेखकाचे आडनाव आणि पान क्रमांक घुसतो, आणि पार्सर (असा मजकूर वाचून त्याचे भाग पाडणारा प्रोग्रॅम) तिथेच अडतो. तळओळी गाळायला वेगळ्या स्क्रिप्ट लिहाव्या लागत, यातच या पद्धतीचा दोष उघड होतो.

२०१६ च्या आरएफसी ७९९४ ने साध्या मजकुरातली पाने काढून टाकली. प्रत्यक्षात बदल २०१९ पासून दिसू लागला. ७२ ची मर्यादा राहिली. अनुक्रमणिकेत आता फक्त कलमांचे क्रमांक येतात. छापून वाचणाऱ्यांचा आक्षेप खरा होता, कारण साधी फाइल छापली की तक्ता कुठेही तुटतो. पण त्यांच्यासाठी पीडीएफमध्ये पाने आहेतच, आणि 'कलम ४.२' हा पत्ता एचटीएमएलमध्येही तोच राहतो.

याच फेरबदलात आस्कीचे, म्हणजे फक्त साधी इंग्रजी अक्षरे, अंक आणि चिन्हे वापरण्याचे, बंधनही सैल झाले. त्याआधी 'क' न छापता त्याचा युनिकोडमधला क्रमांक यू+०९१५ असा लिहावा लागे. देवनागरीला स्तंभांची मोजणी मात्र अजून नडते: 'क्षि' दिसते एक अक्षर, मोजले जातात चार संकेतांक (युनिकोड क्रमांक). त्यामुळे स्पेस देऊन आखलेल्या तक्त्यातली उजवी रेघ हलते.