तुडतुडा सापडणं वेगळं, त्याचं वर्णन होणं वेगळं

'तुडतुड्याची नवी जात सापडली' या बातमीत दोन वेगळ्या घटना हमखास कालवलेल्या असतात: कीटक हाती लागणं आणि त्या जातीचं शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध होणं.

सापडण्याबद्दल फार सांगायला नको. कपाशीच्या पानामागे तिरका चालणारा, आंब्याच्या मोहोरातून फांदी हलताच उडणारा तुडतुडा तुम्ही पाहिलेला आहे. जाळी फिरवली, बाटलीत घेतला, झालं. (भातावरचे तपकिरी तुडतुडे वेगळ्या कुळातले, पण तो घोळ तूर्त राहू दे.)

खरी मेख वर्णनात आहे. 'हिरवट, लहान, पंखांवर ठिपके' एवढ्यावर तुडतुड्यांत भागत नाही. रंग एकाच जातीत बदलतो आणि दोन जवळच्या जाती बाहेरून अगदी सारख्या दिसू शकतात. फरक बहुतेक वेळा नराच्या जननेंद्रियांत असतो. म्हणून नराच्या पोटाचं टोक कापून पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात ठेवतात. मऊ भाग विरघळतो, कठीण भाग उरतात. ते ग्लिसरीनमध्ये घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली या कुशीवरून त्या कुशीवर वळवायचे आणि प्रत्येक बाक, प्रत्येक काटा चितारायचा. मग ते भाग इवल्याशा कुपीत घालून त्याच कीटकाच्या टाचणीला लावतात. नुसती मादी मिळाली तर बऱ्याचदा हात चोळत बसावं लागतं. मोबाइलवरच्या एका फोटोखाली 'नवी जात!' असं ठोकून देणाऱ्यांचा मला मनस्वी वैताग येतो तो यामुळेच.

शिवाय हे सगळं आधी नाव मिळालेल्या नातलगांशी ताडून पाहावं लागतं. एक नमुना होलोटाइप, म्हणजे त्या नावाचा कायमचा आधार-नमुना, म्हणून ठरवायचा, वेगळेपण कशात ते लिहायचं, नावासह प्रसिद्ध करायचं. त्या दिवसापासून नाव ग्राह्य. वर्तमानपत्रात आधी झळकलं असलं तरी ते धरत नाहीत.

युगांडातलं उदाहरण घ्या. किबाले राष्ट्रीय उद्यानाच्या जंगलात २०१८मध्ये ब्रिटनच्या अँग्लिया रस्किन विद्यापीठातले अॅल्विन हेल्डन यांना धातूसारखी झाक असलेला एक तुडतुडा मिळाला. त्याच्या नात्यातला आधीचा नमुना १९६९चा, तोही मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकातला. वर्णन 'झूटॅक्सा' या प्राणी-वर्गीकरणाच्या नियतकालिकात आलं २०२२मध्ये, म्हणून जातीच्या नावापुढे वर्ष लागतं तेही २०२२: फ्लॉजिस किबालेन्सिस हेल्डन, २०२२. इथे पकडणारा आणि वर्णन करणारा एकच असल्यामुळे बातम्यांत दोन्ही गोष्टी एक वाटल्या. पुष्कळदा नमुना पकडतो एक, त्याचं वर्णन करतो दुसरा, आणि नावापुढे लागतो तो दुसराच. असल्या बातमीत दोन्ही वर्षं द्यायलाच हवीत, असं माझं मत.

हा नुसता मानापमानाचा प्रश्न नाही. कपाशीवरच्या आपल्या तुडतुड्याला डिस्टंट या कीटकशास्त्रज्ञांनी १९१८मध्ये 'डेव्हास्टन्स' हे नाव दिलं. पुढे लक्षात आलं की इशिदा या दुसऱ्या कीटकशास्त्रज्ञांनी त्याचंच वर्णन आधी 'बायगटुला' म्हणून केलेलं आहे. आधी प्रसिद्ध झालेलं नाव टिकलं: अम्रास्का बायगटुला. जुन्या शेतीच्या पुस्तकांत मात्र डेव्हास्टन्सच भेटतो, तेव्हा माहिती शोधताना दोन्ही नावं टाकून पाहा.