पावडर चरबी जाळत नाही, मग करते काय?

वजन कमी करायला निघालेल्या माणसाला कोणी प्रोटीन पावडर सुचवली की तो आधी बिचकतो. खाणं कमी करायचं ठरवलंय, त्यात हे आणखी एक पेय कशाला? शंका रास्त आहे, आणि डब्यावरच्या पिळदार दंडांच्या चित्रातून तिचं उत्तर मिळत नाही.

पावडर चरबी जाळत नाही, हे आधी स्पष्ट करू. चरबी उतरते ती शरीराच्या खर्चापेक्षा कमी कॅलरी पोटात गेल्या तरच. पावडरीचं काम निराळं आहे आणि मला ते अधिक मोलाचं वाटतं: वजन उतरत असताना स्नायू राखायला मदत करणं.

कॅलरी कमी पडू लागल्या की शरीर फक्त चरबीच्या साठ्याला हात घालत नाही, स्नायूंमधली प्रथिनंही मोडून वापरतं. व्यायाम न करता नुसतं खाणं तोडलं, तर गेलेल्या वजनातला साधारण पाव हिस्सा चरबीचा नसतोच. वजनकाटा एकच आकडा दाखवतो, काय गेलं ते सांगत नाही. आकडा खाली आल्याच्या आनंदात आपण असतो, आणि जिना चढताना मांड्या मात्र आधीपेक्षा लवकर भरून येऊ लागतात.

कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१६ साली याविषयी एक प्रयोग प्रसिद्ध केला. वजन जास्त असलेल्या ४० तरुणांना ४ आठवडे गरजेपेक्षा ४० टक्के कमी कॅलरी दिल्या आणि आठवड्यातले ६ दिवस त्यांच्याकडून वजनं उचलण्यासह दणकून व्यायाम करून घेतला. निम्म्यांना वजनाच्या दर किलोमागे रोज १.२ ग्रॅम प्रथिनं, उरलेल्यांना २.४ ग्रॅम. पहिल्या गटाची ३.५ किलो चरबी गेली, दुसऱ्याची ४.८ किलो. दुसऱ्या गटाचं चरबी वगळून उरणारं वजन तर १.२ किलोने वाढलं, तेही अर्धपोटी असताना. पण मला जास्त बोलका वाटतो तो पहिला गट. त्यांना प्रथिनं निम्मीच मिळत होती, तरी त्यांचे स्नायू जवळजवळ होते तेवढेच राहिले. ही करामत वजनं उचलण्याची. प्रथिनांनी तिच्यावर भर घातली.

असं का होतं, याची किल्ली ल्युसिन नावाच्या अमिनो आम्लात आहे. अमिनो आम्लं म्हणजे प्रथिनांच्या विटा. रक्तात ल्युसिन वाढलं की स्नायूंच्या पेशींना नवी प्रथिनं बांधायची सूचना मिळते. ताण पडलेला स्नायू ही सूचना अधिक जोराने आणि अधिक काळ पाळतो. व्हे प्रोटीनमध्ये १० टक्क्यांच्या आसपास ल्युसिन असतं आणि ते भरभर पचतं, म्हणून जिममध्ये त्याचा बोलबाला. चीज करताना दूध फाटतं, घट्ट भाग वेगळा होतो आणि पिवळसर हिरवट पाणी उरतं, ते व्हे. एकेकाळी ते टाकून दिलं जाई. आता बारीक पडद्यांतून गाळून, वाळवून त्याची पावडर करतात. कॉन्सन्ट्रेट या साध्या, कमी गाळलेल्या पावडरीत थोडी दुधातली साखर शिल्लक राहते. दूध पचत नसेल त्यांना अधिक गाळलेलं आयसोलेट बरं पडतं, कारण त्यात ती अगदी कमी असते.

शेकरमध्ये आधी पावडर टाकून वर पाणी ओतलं की तळाशी गोळा बसतो. तो फोडून पाहा: बाहेरून चिकट, आत कोरडी ठणठणीत भुकटी. बाहेरचे कण आधी पाणी पिऊन फुगतात, त्यांचा चिकट पापुद्रा बनतो आणि आतल्या कणांपर्यंत पाणी पोचतच नाही. आधी पाणी, मग पावडर, एवढ्याने काम भागतं. वर येणारा फेस म्हणजे हवेच्या बुडबुड्यांभोवती उलगडलेले प्रथिनांचे रेणू. त्याने पोषण कमी होत नाही, पोटात गेल्यावर ते रेणू उलगडायचेच असतात.

प्रथिनं पचवायला शरीराला जास्त ऊर्जा लागते, हे खरं आहे. त्यांच्यातल्या कॅलरींपैकी २० ते ३० टक्के पचनातच खर्च होतात. पिष्टमय पदार्थांत हा खर्च ५ ते १० टक्के असतो. पण हिशोब मांडा: २४ ग्रॅम प्रथिनं म्हणजे ९६ कॅलरी, त्यातल्या १९-२९ खर्च झाल्या. तेवढ्याने पोट उतरणार नाही. प्रथिनांनी भूक भागते, याचा उपयोग त्याहून मोठा. मात्र प्यायलेलं अन्न चावून खाल्लेल्या अन्नाइतका वेळ भूक थोपवत नाही. एक स्कूप (डब्यातलं माप) पावडर, ३०० मिलिलीटर साय असलेलं दूध, एक केळं आणि दोन मोठे चमचे पीनट बटर एकत्र फिरवलं की बेरीज ६०० कॅलरींच्या घरात जाते. हे जेवणाऐवजी घेतलं तर ठीक. जेवणावर घेतलं तर वजन वाढतं, आणि दोष पावडरीला दिला जातो.

किती प्रथिनं पुरेशी? ४९ प्रयोग एकत्र तपासणारं विश्लेषण २०१८ साली आलं. व्यायाम करणाऱ्यांत रोज दर किलोमागे सुमारे १.६ ग्रॅमच्या पुढे स्नायूंची वाढ सरासरीने थांबते, असं त्यात दिसलं. ७० किलोच्या माणसाला हे ११२ ग्रॅम. एवढी प्रथिनं रोजच्या जेवणातून मिळत असतील तर पावडर घेण्याचं कारण नाही. व्यायाम संपल्यावर अर्ध्या तासात प्यायलाच हवं, ही धावपळही नको, दिवसभराची बेरीज महत्त्वाची. मूत्रपिंड निरोगी असेल तर एवढ्या प्रथिनांनी ते बिघडत नाही, पण मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय डबा उघडू नये.

डब्यावरचा प्रथिनांचा आकडा कुठून येतो, हे कळलं की वाचण्याची नजर बदलते. कोपनहेगनमधल्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत योहान केल्डाल यांनी १८८३ साली नायट्रोजन मोजण्याची पद्धत काढली. प्रथिनांत साधारण १६ टक्के नायट्रोजन असतो, म्हणून मिळालेल्या आकड्याला ६.२५ ने गुणायचं. पण हा नायट्रोजन प्रथिनांतलाच आहे का, हे या पद्धतीला कळत नाही. ग्लायसिन, टॉरिन असली स्वस्त अमिनो आम्लं सुटी मिसळली तरी आकडा फुगतो, स्नायूंना उपयोग होत नाही. चीनमध्ये २००८ साली दुधात मेलामाइन हे नायट्रोजनने भरलेलं रसायन मिसळल्याचं उघड झालं ते याच फटीचा फायदा घेऊन, आणि त्यात लहान मुलांचे जीव गेले. म्हणून घटकांच्या यादीत ग्लायसिन, टॉरिन अशी सुटी अमिनो आम्लं दिसली तर मी तो डबा परत ठेवते. स्वतंत्र प्रयोगशाळेची तपासणी झालेला डबा निवडते.

स्कूप मात्र आकारमान मोजतो, वजन नाही. डबा हलून पावडर दबली असेल, स्कूप शीग लावून भरला असेल, तर लेबलवरचे ३० ग्रॅम सहज ३६-३७ होतात. स्वयंपाकघरातल्या काट्यावर एकदा आपला नेहमीचा स्कूप तोलून बघा आणि ३० ग्रॅमला तो कुठपर्यंत भरतो, तिथे आतून पेनाने रेघ मारून ठेवा.