‘खाऊन-राहून’ : नागपुरातल्या हॉटेल कामगारांच्या पगाराची पार्श्वभूमी

धरमपेठ, सीताबर्डी, सदर किंवा वर्धा रोडवरून चालत गेलं की दर चार-पाच दुकानांनंतर काचेला चिकटवलेला एक कागद दिसतो : ‘वेटर, हेल्पर, भांडी घासायला माणूस पाहिजे. खाऊन-राहून.’ पगाराचा आकडा त्यावर नसतो. तो आत गेल्यावर, गल्ल्यापाशी, माणूस कुठल्या गावचा आहे हे विचारून झाल्यावर सांगतात. हॉटेल कामगारांच्या वेतनाचा सगळा गुंता त्या दोन शब्दांत आहे. वेतनाचा एक भाग कायम वेतनाच्या बाहेर ठेवायचा, कधी ताटात, कधी माळ्यावर, कधी गिऱ्हाइकाच्या खिशात. या धंद्याची ही रीत कायद्याइतकीच जुनी आहे.

कायदे कमी नव्हते. नागपूर सी.पी. अँड बेरारची (मध्य प्रांत व वऱ्हाडची) राजधानी असतानाच, १९४७ साली, प्रांताचा दुकाने व आस्थापनांचा कायदा झाला. पुढच्याच वर्षी देशाचा किमान वेतन अधिनियम आला. १९५६ मध्ये विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात गेला, १९६० मध्ये महाराष्ट्रात आला, आणि उपाहारगृहे किमान वेतनाच्या अनुसूचित उद्योगांत बसली. कुशल, अर्धकुशल, अकुशल हे तीन स्तर, परिमंडळानुसार (म्हणजे भागानुसार) दर, आणि मूळ दरावर दर सहा महिन्यांनी, जानेवारी आणि जुलैमध्ये, महागाईच्या निर्देशांकाप्रमाणे बदलणारा विशेष भत्ता, असा त्याचा साचा. मूळ दर पाच वर्षांच्या आत सुधारायचा असा कायद्याचा दंडक. तो लांबला की सगळा भार विशेष भत्त्यावर येतो. मालक नेमका तोच भत्ता ‘आमच्याकडे डीए-बीए नसतो’ म्हणून सोडून देतो.

इथे तीन शब्द वेगळे ठेवायला हवेत. किमान वेतन, रास्त वेतन आणि निर्वाह वेतन ही विभागणी १९४८ साली नेमलेल्या समितीने केली. किमान हा तळ, निर्वाह हे संविधानाच्या ४३ व्या अनुच्छेदातलं उद्दिष्ट, आणि रास्त वेतन या दोघांच्या मधलं, धंद्याच्या ऐपतीप्रमाणे ठरणारं. म्हणजे ऐपतीचा प्रश्न फक्त मधल्या पायरीवर येतो. ‘धंदाच नाही तर किमान वेतन कुठून देऊ’ हा युक्तिवाद सर्वोच्च न्यायालयाने साठच्या दशकातच फेटाळला, आणि १९८२ मध्ये तर किमान वेतनापेक्षा कमी देणं म्हणजे अनुच्छेद २३ खालची वेठबिगारी असं म्हटलं. तळ कसा मोजायचा हेही १९५७ च्या सरकार, मालक आणि कामगार यांच्या त्रिपक्षीय परिषदेत ठरलं : कुटुंबाची तीन उपभोग एकके (चौघांचं खाणं तीन प्रौढांइतकं धरून), प्रत्येकी २,७०० कॅलरी, चौघांना मिळून वर्षाला ७२ यार्ड कापड, घरभाडं, आणि इंधन-दिवाबत्तीला एकूण खर्चाच्या २० टक्के. १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिक्षण, औषधपाणी, सणवार, म्हातारपण यांसाठी आणखी २५ टक्के धरायला सांगितलं. यातला एकही घटक एकट्या माणसापुरता नाही. भट्टीपाशी उभा असलेला बालाघाटचा किंवा गोंदियाचा पोरगा एकटा दिसतो. पण त्याचा पगार चार तोंडांचा हिशेब धरून ठरवायचा आहे.

आता मूळ शब्दाकडे. ‘खाऊन-राहून आठ हजार’ असं ठरतं तेव्हा मालकाच्या डोक्यातला हिशेब असा असतो : जेवण तीन हजार, राहणं दोन हजार, रोख आठ, म्हणजे तेरा हजारांचा माणूस. कायदा हा हिशेब मान्य करत नाही, आणि का करत नाही ते बारकाईने पाहण्यासारखं आहे.

१९४८ च्या अधिनियमाच्या कलम ११ प्रमाणे किमान वेतन रोख द्यायचं होतं. वस्तुरूपात द्यायची प्रथा असेल तिथेही शासनाने अधिसूचना काढून परवानगी दिली तरच, आणि वस्तूची किंमत ठरवून दिलेल्या पद्धतीने. मालकाने मनाने लावलेल्या दराला जागा नव्हती. राहण्याचं तर त्याहून स्पष्ट होतं. त्याच कायद्यातल्या वेतनाच्या व्याख्येतूनच घराची, दिव्याची, पाण्याची किंमत वगळलेली होती. म्हणजे माळ्यावर झोपायला दिलं त्याची किंमत वेतनात धरताच येत नव्हती.

मग गोंधळ आला कुठून? वेतन संहिता, २०१९ मधून. जुन्या वेतन कायद्यांची जागा घेणारी ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. तिनेही घराची किंमत व्याख्येबाहेर ठेवली, वेतन चलनात, धनादेशाने किंवा बँकेतूनच द्यायचं असंही सांगितलं. पण व्याख्येच्या स्पष्टीकरणात एक ओळ घातली : वेतनाच्या बदल्यात काही वस्तुरूपाने दिलं, तर एकूण वेतनाच्या १५ टक्क्यांपर्यंतची त्याची किंमत वेतनाचा भाग समजावी. कामगारांची बाजू मांडणारे म्हणतात की ही ओळ भविष्यनिर्वाह निधी किंवा उपदानाचा (ग्रॅच्युइटीचा) हिशेब वाढावा म्हणून आहे, रोख कमी करण्यासाठी नाही. मालकांची बाजू म्हणते की ताटाला आता कायद्याने किंमत आली. मला पहिला अर्थ बरोबर वाटतो, कारण दुसरा घेतला तर चलनात वेतन देण्याचं कलम पोकळ होतं. पण वादासाठी दुसरा अर्थ घेतला तरी तेरा हजारांवर १५ टक्के म्हणजे १,९५०. पाच हजार कोणत्याच वाचनात बसत नाहीत.

आणि ते ‘राहणं’ म्हणजे काय ते जवळून पाहिलं की पैसे कापण्याची भाषाच टिकत नाही. रात्री साडेअकराला शेवटचं टेबल उठतं, भट्टी विझते, मोरी धुवून होते. मग दोन टेबलं जोडून किंवा स्वयंपाकघराच्या वरच्या माळ्यावर, दिवसभराची उष्णता धरलेल्या पत्र्याखाली, सात-आठ जण झोपतात. पहाटे पाचला दुधाची गाडी येते तेव्हा शटर तेच उघडतात. तर्री-पोह्याचं दुकान असेल तर चणे शिजायला त्याच्याही आधी ठेवावे लागतात. रात्रभर मालाची राखण फुकट होते. ही मालकाची गरज आहे, कामगाराला दिलेली सवलत नाही, आणि तिची किंमत कामगाराकडून वसूल होते.

जेवणाचंही तसंच. कपातीचा नियम १९३६ च्या वेतन प्रदान अधिनियमापासून चालत आला आहे : सोयीबद्दलची कपात कामगाराने मान्य केलेली असावी आणि सोयीच्या प्रत्यक्ष किमतीपेक्षा जास्त नसावी. कामगारांसाठी वेगळा भात-वरण शिजतो, भाजी बहुतेक उरलेली. त्याची किंमत कच्च्या मालावर काढायची, मेन्यूकार्डावरच्या थाळीवर नाही.

तासांचा हिशेब याहून मोठा, पण त्याकडे कमी लक्ष जातं. सोपं जावं म्हणून महिन्याचा किमान दर १३,००० धरू. भागिले २६ म्हणजे रोज ५००. भागिले ८ म्हणजे तासाला ६२.५०. जादा कामाचा दर दुप्पट, म्हणजे १२५. विश्रांती वगळून रोज १२ तास, आठवड्याला सहा दिवस, म्हणजे ७२ तास. कायद्याची मर्यादा ४८. जादा तास २४, त्यांचे पैसे आठवड्याला ३,०००. चार आठवड्यांत १२,०००, जवळपास दुसरा पगार. हा दुसरा पगार नागपुरातल्या फार थोड्या स्वयंपाकघरांत कुणी पाहिला असेल. शिवाय २०१७ च्या राज्याच्या दुकाने व आस्थापना कायद्यात मुळात तीन महिन्यांत १२५ तासांपेक्षा जास्त जादा काम घेताच येत नव्हतं. वरच्या वेळापत्रकात ते ३१२ होतं. हिवाळी अधिवेशनाच्या डिसेंबरात, जेव्हा शहरातली प्रत्येक खोली आणि प्रत्येक टेबल भरलेलं असतं, तेव्हा साप्ताहिक सुट्टीही ‘पुढच्या महिन्यात घे’ म्हणून जाते.

याच २०१७ च्या कायद्याने (लागू १९ डिसेंबर २०१७) दहापेक्षा कमी कामगारांच्या आस्थापनांना नोंदणीतून मोकळं केलं, नुसती सूचना पुरे झाली. निरीक्षकाचा ‘सुविधाकार’ झाला. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ही संख्या २० वर नेण्याचा, रोजचे तास ९ वरून १० आणि तिमाहीचे जादा तास १४४ करण्याचा निर्णय घेतला. नागपुरातली बहुसंख्य भोजनालयं, सावजी खानावळी, चहा-नाश्त्याची दुकानं वीसच्या आतली आहेत. एका शटरमागे दोन नावांचे परवाने आणि हजेरीच्या दोन वह्या ही युक्ती दहाच्या मर्यादेतही चालत होती. यातून एक चुकीची समजूत घट्ट झाली आहे, ती खोडून काढायला हवी : दहाच्या आत माणसं असली की किमान वेतन लागत नाही, ही ती समजूत. किमान वेतन एका कामगारालाही लागू आहे. संख्येची अट तास, रजा, नोंदणीच्या कायद्याला आणि कामगार विम्याला आहे. विमा दहा कामगारांपासून, महिना २१,००० वेतनापर्यंत. १३,००० वर कामगाराचे ०.७५ टक्के म्हणजे ९७.५० आणि मालकाचे ३.२५ टक्के म्हणजे ४२२.५०. एवढ्यावर भाजलेल्या हाताचा उपचार सोमवारी पेठेतल्या विमा रुग्णालयात होतो आणि रजेच्या दिवसांचे पैसेही मिळतात. नोंद नसेल तर बर्नॉलची ट्यूब आणि चार दिवसांचा खाडा.

कपातींमध्ये तीन नेहमीच्या. फुटलेला ग्लास, बिल न देता पळालेलं गिऱ्हाईक, आणि उचल. नुकसानीची कपात प्रत्यक्ष नुकसानीइतकीच, तीही कामगाराच्या ताब्यात सोपवलेल्या वस्तूची आणि त्याच्या हलगर्जीपणामुळे झालेली असेल तर, त्याचं म्हणणं ऐकून घेतल्यावर. पळालेल्या गिऱ्हाइकाचं अख्खं बिल वेटरवर टाकणं यात बसत नाही, गल्ला मालकाकडे असतो. दंड वेतनाच्या ३ टक्क्यांच्या वर नाही, ९० दिवसांनंतर वसूल करता येत नाही, आणि जमा झालेली रक्कम कामगारांच्याच हितासाठी खर्चायची. उचलीचं तर फार थोड्यांना माहीत आहे : कामावर येण्याआधी दिलेली उचल पहिल्या पूर्ण महिन्याच्या पगारातून वळती करायची, आणि गावाहून येण्याच्या भाड्यासाठी दिलेले पैसे परत मागताच येत नाहीत. प्रत्यक्षात तेच भाडं वर्षभर खात्यावर फिरत राहतं आणि माणूस सोडून जाऊ शकत नाही.

टिप आणि सेवा शुल्क यांवर इतकी वर्तमानपत्री चर्चा झाली आहे की थोडक्यात पुरे. सेवा कर सरकारचा होता, २०११ पासून वातानुकूलित उपाहारगृहांवर, आणि जीएसटीत विरला. सेवा शुल्क मालकाचं. टिप गिऱ्हाइकाची. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आयकराच्या प्रकरणात टिप हा मालकाने दिलेला पगार नाही असं ठरवलं. याचा दुसरा अर्थ उघड आहे : जो पगारच नाही, तो किमान वेतनात मोजता येणार नाही. अमेरिकेत टिप मिळवणाऱ्याला मालकाने तासाला २.१३ डॉलर दिले तरी केंद्रीय कायद्याने चालतं, हा आकडा १९९१ पासून हललेला नाही. आपल्या कायद्यात अशी वजावट नाही. जुलै २०२२ मध्ये बिलात आपोआप सेवा शुल्क लावायला ग्राहक संरक्षणाच्या केंद्रीय यंत्रणेने मनाई केली, त्याच महिन्यात तिला स्थगिती मिळाली, आणि २८ मार्च २०२५ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने मनाई कायम केली. हॉटेलचालकांचा मुद्दा होता की हे पैसे कामगारांत वाटले जातात. वाटले जात असतील तर पगारपत्रकावर तो स्तंभ दिसायला हवा होता.

साखळी फास्ट फूड नव्वदच्या दशकात देशात पसरलं आणि मॉलबरोबर नागपुरात पोचलं. तिथे प्रश्नाचं रूप बदललं. पगार बँकेत, पावती हातात, विमा-निधी कापलेला, पण मूळ वेतन लहान आणि भत्ते मोठे, म्हणजे निधीचा वाटा कमी. फेब्रुवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरसकट सगळ्यांना मिळणारे भत्ते मूळ वेतनातच धरायला सांगितलं, आणि संहितेने वगळलेल्या भत्त्यांवर ५० टक्क्यांची मर्यादा घातली. न्यूयॉर्कमध्ये नोव्हेंबर २०१२ मध्ये फास्ट फूड कामगारांनी १५ डॉलरसाठी संप केला, आणि कॅलिफोर्नियात १ एप्रिल २०२४ पासून मोठ्या साखळ्यांत २० डॉलर लागू झाले. तिथला कायदा साखळीच्या एकूण शाखा मोजतो. इथे एका शटरमागची माणसं मोजतात.

मागणी करायची तर जुन्या कायद्यात सहा महिन्यांची मुदत होती. संहितेत ती तीन वर्षांची आहे, फरकाच्या दहापटीपर्यंत भरपाई मागता येते, आणि पैसे दिले हे सिद्ध करण्याचा भार मालकावर आहे. अडतं ते पुढे : आपण तिथे कामाला होतो हे दाखवण्यात. नियुक्तीपत्र नसतं, हजेरी मालकाच्या वहीत, पगार रोख. म्हणून उपयोगी पडतात त्या साध्या गोष्टी. यूपीआयने आलेले पैसे, ड्यूटीच्या ग्रुपवरचे मेसेज, स्वतःच्या हाताने रोज लिहिलेली आल्या-गेल्याची वेळ, गणवेशातला फोटो. आणि काचेवरचा तो कागद, उतरवायच्या आधी काढलेल्या फोटोत.