हजेरीपट होता तिथेच धूळ मोजली गेली: भारतातल्या सिलिकोसिस संशोधनाची पार्श्वभूमी

कोलारच्या सोन्याच्या खाणींत कंपनीचं इस्पितळ होतं आणि हजेरीपटही. कामगार कधी भरती झाला, कोणत्या कामावर किती वर्षं होता, हे कागदावर सापडत होतं. म्हणूनच १९४० ते १९४६ या काळात तिथल्या साडेसात हजारांवर कामगारांची तपासणी होऊ शकली. त्यांतल्या शेकडा चाळीसहून अधिक जणांना सिलिकोसिस निघाला, म्हणजे दगडातल्या सिलिकेची बारीक धूळ श्वासातून जाऊन फुफ्फुसं कायमची खराब होण्याचा आजार. त्याच काळात उघड्या दगडखाणींत खडी फोडणाऱ्यांची नावंच कुठे लिहिलेली नव्हती. त्यांचा आकडा नाही, आणि आकडा नाही म्हणून आजारही नाही, असं पुढे बराच काळ धरलं गेलं.

कायद्यानेही हीच वाट धरली. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या तिसऱ्या अनुसूचीत सिलिकोसिस होता, आणि कलम ८९ नुसार असा रुग्ण दिसला की डॉक्टरने मुख्य कारखाना निरीक्षकाला कळवायचं असे. पण त्या कायद्यात कारखाना म्हणजे विजेवर चालत असेल तर किमान दहा कामगार, नसेल तर वीस असं होतं. चार माणसांचं शेड या व्याख्येबाहेर राहिलं, आणि बरेचदा सगळ्यात जास्त धूळ तिथेच असते.

१९६६ साली मुंबईत शीव इथे केंद्रीय श्रम संस्था सुरू झाली. त्याच वर्षी अहमदाबादच्या बी. जे. मेडिकल कॉलेजात भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने व्यावसायिक आरोग्यासाठी संस्था काढली. १९७० पासून ती राष्ट्रीय संस्था म्हणून ओळखली जाते. या अहमदाबादच्या मंडळींनी कारखान्याच्या फाटकाबाहेर पाऊल टाकलं, हे त्यांचं मोठं काम. मध्य प्रदेशात मंदसौरला पाटीवरच्या पेन्सिली करण्यासाठी दगड कोरडाच करवतीने कापत. तिथे तपासलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक कामगारांना सिलिकोसिस होता, आणि पुन्हा तपासल्यावर तो झपाट्याने वाढलेला दिसला. गुजरातेत खंबातला अकीक हा रंगीत शोभेचा दगड घासण्याचं काम घरातच चाले. धूळ चाकावरून उडून ओसरीत, तिथून शेजारच्या घरात जाई. त्यामुळे चाकाला कधी हातही न लावलेल्या माणसांच्या फुफ्फुसांतही आजार सापडला. उपाय साधा होता: चाकाजवळच हवा ओढून घेणारी नळी. पण पंखा चालवायला वीज लागते, धूळ साठणारी पिशवी वेळच्या वेळी झटकावी लागते, आणि तुकड्यावर मजुरी घेणाऱ्याला या दोन्हींचा खर्च स्वतःच्या खिशातून करावा लागतो.

भोपाळनंतर, १९८७ च्या दुरुस्तीने धुळीची मर्यादा थेट कायद्यात आली. श्वासाबरोबर फुफ्फुसात खोलवर जाणाऱ्या धुळीसाठी सूत्र असं: १० ला (धुळीतल्या क्वार्ट्झची, म्हणजे स्फटिकरूप सिलिकेची, टक्केवारी + २) ने भागायचं, उत्तर येतं दर घनमीटर हवेत किती मिलिग्रॅम ते. शुद्ध क्वार्ट्झला हे जेमतेम ०.१ पडतं. आता मोजणी पाहू. कामगाराच्या कॉलरला छोटा सायक्लोन (हवा गरगर फिरवून जाड धूळ खाली पाडणारं नळकांडं), त्यामागे ३७ मिलिमीटरचा पीव्हीसी फिल्टर, कमरेला पंप. दहा मिलिमीटरच्या नायलॉन सायक्लोनला मिनिटाला १.७ लिटर हवा लागते, म्हणजे आठ तासांत ८१६ लिटर. हवेत या ०.१ च्या मर्यादेइतकी धूळ असेल तर फिल्टरवर जमा होते फक्त ०.०८ मिलिग्रॅम. एवढंसं वजन मोजताना तराजूच्या खोलीतली दमट हवासुद्धा आडवी येते, म्हणून न वापरलेले कोरे फिल्टर सोबत ठेवून त्यांचंही वजन करतात. कामगार आडवा झाला किंवा सायक्लोन उलटा झाला, तर खालच्या टोपणात साठलेली जाड धूळ फिल्टरवर पडते. तो नमुना टाकूनच द्यावा लागतो. पंपाचा प्रवाह पाळीच्या आधी आणि नंतर तपासला नसेल, तर आकड्याला अर्थ उरत नाही. शेवटी एक्स-रे विवर्तनाने (स्फटिकावरून क्ष-किरण कसे वळतात ते पाहून) किंवा अवरक्त किरणांनी (धूळ त्यांतले कोणते शोषते, त्याच्या रेघा पाहून) त्यातलं क्वार्ट्झ मोजायचं. अवरक्त पद्धतीत धुळीतल्या चिनी मातीची रेघ क्वार्ट्झच्या रेघेवर येते, आणि ती वजा केली नाही तर उत्तर फुगतं.

छातीच्या फोटोचंही तसंच. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या वर्गीकरणात ठिपक्यांची दाटी बारा पायऱ्यांत मोडतात, समोर प्रमाण-फोटो ठेवून. कामगाराने श्वास पुरता भरून धरला नाही, तर रक्तवाहिन्याच ठिपक्यांसारख्या दिसतात. किरण जास्त झाले की खरे ठिपकेही पुसले जातात. म्हणून एकाच फोटोचं वाचन निदान दोघांनी, एकमेकांशी न बोलता करावं लागतं.

सगळ्यात जुनी चूक मात्र क्षयाची. सिलिकोसिसही फुफ्फुसाच्या वरच्या भागात दिसतो. शिवाय सिलिका फुफ्फुसातल्या संरक्षक पेशींना मारते, त्यामुळे सिलिकोसिस झालेल्याला क्षय सहज जडतो. खोकला, वजन घटणं, वरच्या भागात डाग, एवढ्यावर टीबीच्या गोळ्या सुरू होतात, पुन्हा पुन्हा होतात, आणि 'काय काम करायचास?' हा प्रश्न केसपेपरवर कधी येतच नाही. अशी कितीतरी माणसं टीबीच्या आकड्यात गेली, याचं मनापासून वाईट वाटतं.

राजस्थानने २०१९ च्या धोरणात जिल्ह्याच्या वैद्यकीय मंडळाच्या प्रमाणपत्रावर तीन लाख आणि मृत्यूनंतर कुटुंबाला दोन लाख देण्याचं ठरवलं. त्यामुळे वाळूच्या दगडाच्या खाणींतले मजूर स्वतःहून तपासणीला येऊ लागले. हजेरीपटावर नाव नसलेल्या माणसाला मोजलं जाण्याची ही एक वाट झाली. अहमदाबादच्या संस्थेने अलीकडे रक्तातल्या सीसी-१६ या प्रथिनावर काम केलं आहे. आजाराच्या सुरुवातीला त्याचं प्रमाण घटतं, पण ते सिगारेट ओढणाऱ्यांतही घटतं. म्हणून ही चाचणी फक्त चाळणीसाठी. फोटो आणि कामाचा इतिहास त्यानंतरही घ्यावाच लागतो.