पायथन ३.११.९ ला इन्स्टॉलर आहे, मग ३.११.१० ला का नाही?

पायथन या प्रोग्रामिंग भाषेच्या डाउनलोडच्या पानावर विंडोजवाल्यांची एक फजिती ठरलेली आहे. ३.११ या व्हर्जनमधलं ३.११.९ च्या पुढचं म्हणून ३.११.१० उघडायचं, खाली फाइलींच्या यादीत इन्स्टॉलर शोधायचा, सापडत नाही म्हणून पान दोनदा रिफ्रेश करायचं. तो तिथे नसतोच. असतो फक्त सोर्स कोड, म्हणजे आधी कंपाइल करून (मशीनला चालवता येईल अशा रूपात आणून) मग वापरायचा मूळ कोड. एक पाऊल मागे जाऊन ३.११.९ उघडलं की विंडोजचा इन्स्टॉलर आहे, मॅकचाही आहे.

यात कुणाची चूक झालेली नाही. एप्रिल २०२४ मधलं ३.११.९ हे बगफिक्स (चुका दुरुस्त करणारं) रिलीज आणि सप्टेंबर २०२४ मधलं ३.११.१० हे सिक्युरिटी (फक्त सुरक्षेची भोकं बुजवणारं) रिलीज. आकड्याकडे बघून हे कळायला काही मार्ग नाही, आणि सगळा घोळ तिथूनच सुरू होतो. (३.११.१० हे ३.११.९ च्या नंतरचंच, बरं का. ही टिंबं दशांशाची नव्हेत. यॅमल नावाच्या सेटिंग्जच्या फाइलीत ३.१० अवतरणचिन्हांशिवाय लिहून त्याचं ३.१ करून घेतलेल्यांना हे वेगळं सांगायला नको.)

३.९ पासून पायथनचं नवं व्हर्जन दरवर्षी ऑक्टोबरात येतं आणि पाच वर्षं सांभाळलं जातं. त्या पाच वर्षांचे दोन भाग पडतात. पहिल्या भागात साधारण दर दोन महिन्यांनी बगफिक्स रिलीज येतं, इन्स्टॉलरसकट. ३.१२ पर्यंतच्या व्हर्जनांना हा भाग दीड वर्षाचा होता, ३.१३ पासून तो दोन वर्षांचा झाला. उरलेल्या काळात फक्त सिक्युरिटी रिलीज येतात. त्यांना ठरावीक वेळापत्रक नाही. गरज पडली की येतात आणि सोर्स कोड म्हणूनच येतात. ३.१२ चंच बघा: जन्म ऑक्टोबर २०२३, शेवटचं बगफिक्स ३.१२.१० एप्रिल २०२५ मध्ये, आणि सिक्युरिटीची मुदत ऑक्टोबर २०२८ पर्यंत.

बगफिक्स रिलीज म्हणजे पावसाळ्याआधी कौलं चाळून घेणं. चेंजलॉग उघडला तर बारीकसारीक नोंदींची ही मोठी यादी: कुठे क्रॅश, कुठे मेमरी लीक, कुठे चुकीचं उत्तर, कुठे डॉक्युमेंटेशनमधली अक्षराची चूक. नियम एकच, नवं काही आणायचं नाही. सी भाषेत लिहिलेल्या एक्स्टेन्शन्सशी (जोड-पॅकेजांशी) असलेलं बायनरी नातंही मोडायचं नाही, म्हणजे ती पुन्हा कंपाइल करावी लागू नयेत. म्हणूनच ३.११ साठी कंपाइल केलेलं नमपाय हे गणिताचं पॅकेज ३.११.१ वर चालतं तसंच ३.११.९ वरही चालतं.

हा नियम मोडला की काय होतं, याचं जुनं उदाहरण २.२.१ चं. एप्रिल २००२ मधल्या त्या डागडुजीच्या रिलीजमध्ये ट्रू आणि फॉल्स ही खरं-खोटं दाखवणारी दोन नावं घुसवली गेली. खरा बूलियन प्रकार २.३ मध्ये आला, तोवर ती नुसती १ आणि ० ची टोपणनावं होती. नावं सोयीची म्हणून लोकांनी लगेच वापरली आणि तो कोड २.२ वर आपटला. दोन्ही २.२ च, पण एकात चालतं आणि दुसऱ्यात नाही. अलीकडचं उदाहरण ३.९.३ चं, एप्रिल २०२१ मधलं. त्यात ३२ बिट सिस्टिम्सवर बायनरी नातं अनवधानाने तुटलं. ते रिलीज मागे घेतलं गेलं आणि दोनच दिवसांत ३.९.४ आलं.

सिक्युरिटी रिलीजची यादी त्यामानाने छोटी असते. ३.११.१० मध्ये काय होतं? टार फाइलीचं (अनेक फाइलींच्या गठ्ठ्याचं) हेडर वाचताना आणि कुकी वाचताना मुद्दाम वाकड्या इनपुटने प्रोसेसर अडकवून ठेवता येत होता, ते बंद केलं. विशिष्ट झिप फाइल दिली तर कोड अनंत लूपमध्ये जाई, ते थांबवलं. ईमेलच्या हेडरमध्ये नव्या ओळीचं चिन्ह सरकवून खोटे हेडर घुसवता येत, तिथे अटकाव केला. सोबतचं एक्सपॅट नावाचं एक्सएमएल वाचक नवं केलं. अशाच आणखी थोड्या गोष्टी. तुम्हाला छळणारा साधा बग माहीत असला, त्यावरचा उपाय ३.१२ मध्ये जाऊन बसला असला, तरी तो इथे येणार नाही. तो सुरक्षेचा प्रश्न नाही, विषय संपला.

इथपर्यंत वाचून कुणालाही वाटेल की सिक्युरिटी रिलीज छोटं, म्हणजे कोड मोडण्याचा धोकाही कमी. माझं मत नेमकं उलटं आहे. बगफिक्सवाल्यांनी वागणूक बदलायची नाही असं ठरवलेलं असतं. भोक बुजवणाऱ्याला मात्र अनेकदा वागणूक बदलूनच ते बुजवावं लागतं. बाहेरच्या दाराचं कुलूप बदललं की चोराची किल्ली निरुपयोगी होते, आणि घरच्यांचीही.

सप्टेंबर २०२२ मध्ये हे अनेकांच्या अंगावर आलं. पायथनमध्ये पूर्णांक कितीही मोठा असू शकतो, ही भाषेची मिरवण्याची गोष्ट. पण अंकांच्या स्ट्रिंगपासून (अक्षरमालेपासून) पूर्णांक बनवताना किंवा उलट जाताना, अंक दुप्पट झाले की वेळ चौपट होतो. पाच लाख अंकी स्ट्रिंगला वेगवान प्रोसेसरवरही सेकंदापेक्षा जास्त वेळ लागू शकतो. एखाद्या सर्व्हरला जेसन या माहिती पाठवायच्या फॉरमॅटमधून असे आकडे पाठवत राहिलं की तो बसलाच. उपाय म्हणून दशमान रूपांतरावर ४३०० अंकांची मर्यादा घातली गेली. २००० चं फॅक्टोरियल (१ ते २००० चा गुणाकार) ५७३६ अंकी आहे. ३.१०.६ वर ते मुकाट छापलं जायचं, ३.१०.७ वर व्हॅल्यू एरर येऊ लागली. फॅक्टोरियल काढता येतं, छापता येत नाही! १००० चं फॅक्टोरियल २५६८ अंकी, ते निसटतं. त्यामुळे एकाचा प्रोग्राम चालायचा, शेजारच्याचा नाही, आणि दोघांच्याही मशीनवर पायथन तेच. मर्यादा बदलता येते, शून्य दिलं तर काढूनही टाकता येते. हेक्साडेसिमलला (१६ च्या पायावरच्या आकड्यांना) ती लागूच नाही, कारण तिथे वेळ असा फुगत नाही. पण आपल्या कोडला अशी मर्यादा आहे हे आधी माहीत तर हवं.

हाच बदल ३.९.१४, ३.८.१४ आणि ३.७.१४ मध्येही आला. त्या वेळी ३.१० बगफिक्सच्या टप्प्यात होतं आणि बाकीची तिन्ही सिक्युरिटीच्या. म्हणजे ‘बगफिक्स रिलीजमध्ये सुरक्षेचं काही नसतं’ हा समजही चूक. पहिल्या टप्प्यात दोन्ही मिळतं, दुसऱ्यात एकच.

फेब्रुवारी २०२१ मधला बदल दिसायला याहून किरकोळ. यूआरएलमधली पॅरामीटर्स वेगळी करायला पायथन अँडचं चिन्ह आणि अर्धविराम दोन्ही चालवून घेत असे. मधला प्रॉक्सी (विनंत्या पुढे पोचवणारा सर्व्हर) मात्र अर्धविराम मानत नसे, आणि दोघांच्या वाचण्यातल्या फरकातून त्याच्या कॅशमध्ये, म्हणजे साठवलेल्या उत्तरांत, विष कालवता येई. अर्धविराम बंद झाला, आणि जे खरोखर अर्धविराम वापरत होते त्यांची पॅरामीटर्स गुपचूप एकमेकांना चिकटली. इथे एररसुद्धा नाही. मला हा प्रकार ४३०० पेक्षा वाईट वाटतो. तिथे निदान प्रोग्राम ओरडतो तरी.

दरवेळी इतकं कठोर व्हावं लागतं असंही नाही. टार फाइल उघडताना ती ठरवलेल्या फोल्डरबाहेर लिहू शकते, ही नोंद २००७ सालची. जून २०२३ मध्ये ३.११.४, ३.१०.१२ वगैरेंमध्ये हे रोखणारी फिल्टर नावाची सोय आली. ‘नवं काही आणायचं नाही’ हा नियम इथे वाकवला, पण जुनं वागणं तसंच ठेवलं. ३.१२ मध्ये इशारा येऊ लागला आणि ३.१४ मध्ये कडक फिल्टर आपोआप लागू झाला. कुणाची किल्ली एका रात्रीत बाद झाली नाही. अर्थात तोवर जो फिल्टर मागणार नाही त्याचं दार उघडंच राहिलं.

मग विंडोजवर ३.११.९ घेऊन बसलेल्याने काय करायचं? घरगुती अभ्यासापुरतं असेल तर घाई नाही. नेटवरून येणाऱ्या फाइली आणि विनंत्या हाताळत असाल, तर स्वतः कंपाइल करत बसण्यापेक्षा ज्या व्हर्जनला अजून इन्स्टॉलर मिळतात तिकडे जा. मात्र ती उडी डागडुजीची नाही. ३.१२ मध्ये डिस्टयुटिल्स हे पॅकेजं बांधायचं मॉड्यूल गेलं, ३.१३ मध्ये सीजीआय आणि टेलनेटलिबसह १९ जुनी मॉड्यूल्स गेली. डॉकर (प्रोग्राम तयार डब्यात बांधून चालवणारं साधन) मधली पायथनची अधिकृत लिनक्स इमेज वापरणाऱ्यांना हा प्रश्न पडत नाही, कारण ती सोर्सपासूनच बांधतात.

आणि डेबियन १२ या लिनक्सवर ३.११.२ दिसलं म्हणून दचकू नका. तिथे आकडा गोठवलेला असतो आणि सुरक्षेचे पॅच त्याच आकड्याखाली आत सरकवले जातात. पायथनला व्हर्जन विचारलंत तर ते ३.११.२ च सांगणार. पॅच कुठवर आले हे बघायचं तर पॅकेजच्या पूर्ण व्हर्जन क्रमांकातली शेपटी वाचावी लागते.